झुंबर वळण

१ जानेवारी १९९२, सकाळी सात

नवी डायरी. खताच्या दुकानदाराने दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी युरियाचं पोतं छापलं आहे. चालेल.

संकल्प. पहिला: मी निर्माण केलेल्या 'झुंबर' वळणाची सगळी अक्षरं, जोडाक्षरं आणि अंक, मिळून चारशे वीस कार्डं, फेब्रुवारीअखेर पुरी करून मुंबईच्या कॉम्प्युटर कंपनीकडे पाठवायची. दुसरा: यापुढे माझ्या ब्रशमधून सरकारी अक्षर उतरणार नाही. सरकारी अक्षर म्हणजे ते सरळ, ताठ, साहेबाच्या दाराबाहेर हात बांधून उभं असलेलं अक्षर. सातबाऱ्यावर असतं, एसटीच्या पाटीवर असतं. तिसरा: कुंदाचे डोळे धुळ्याला दाखवायचे. दिवाळीपासून तिचं डोकं दुखतं आहे, भुवईच्या वर. पहिला संकल्प पुरा झाला की लगेच.

कुंदाला तिन्ही वाचून दाखवले. ती म्हणाली, "अहो, तिसरा आधी घेतला तर?"

मी हसलो. तिला कामाचा क्रम कळत नाही.

४ जानेवारी

कंपनीची जाहिरात एवढीच होती: सजावटीच्या देवनागरी अक्षरांचे नमुने मागवीत आहोत. मी सहा पानी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं: 'नमुने २९ फेब्रुवारीपर्यंत पोचावेत.' मोठी माणसं कामापुरतंच बोलतात. हा करारच समजायचा.

वळणाचं वर्णन इथे करून ठेवतो, पुढे इतिहासाला उपयोगी पडेल. शिरोरेघ सरळ नाही. मांडवाच्या झालरीसारखी झुलती. अक्षर तिच्यावर डोकं आपटून उभं राहत नाही, देठाने खाली लोंबतं. काना पिळदार, काचेच्या कांडीसारखा. वेलांटी दोन अक्षरं ओलांडून जाते आणि कळीत संपते. प्रत्येक अक्षराच्या तळाशी एक लोलक. वारा आला तर किणकिण वाजेल असं वाटतं.

मी बोरूने वळण काढतो, पेन्सिलीने कड पक्की करतो. आत काळी शाई कुंदा भरते. झिरो नंबरचा ब्रश, श्वास रोखून. अकरा वर्षांत एकदाही तिने कड ओलांडलेली नाही. यांत्रिक काम आहे, पण लागतं.

९ जानेवारी

मोतीलालच्या पिठाच्या गिरणीचा बोर्ड झुंबरमध्ये करून दिला होता. आज बाजारातून जाताना पाहिलं, तो गिरणीच्या मागे आडवा टाकलाय आणि त्याच्यावर कोंबड्या बसल्या आहेत. मोतीलाल म्हणाला, "नाना, लोक आत येऊन कापड दाखवा म्हणत होते."

म्हणजे बोर्ड पाहून लोक आत येत होते. हे त्याच्या लक्षात आलं नाही.

लोटन छापखानेवाला माझा तीस वर्षांपासूनचा मित्र. त्याच्या छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या आणि सगळं आयुष्य सरकारी अक्षरात गेलेलं. त्याला दीडशे कार्डं दाखवली. त्याने एकेक उजेडात धरून पाहिलं. म्हणाला, "नाना, अक्षर झकास शे. पन हाई वाचानं कसं?" मग, "शाई कोनी भरी? रेघ दखा, जशी वस्तऱ्यानी कापेल शे."

मी विषय बदलला. मुळात अक्षर वाचण्यासाठी असतं हीच गुलाम मनोवृत्ती आहे. मंदिराचा कळस कोणी राहण्यासाठी बांधत नाही. आठ वर्षांपूर्वी हायस्कूलची ड्रॉइंग मास्तरकी सोडली ती याच मुद्द्यावर. हेडमास्तर म्हणाले होते, गुणवंतांचा फलक पालकांना वाचता येईल असा लिहा. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी पाऊण तास बोललो होतो. दोन शिक्षिका रडल्या होत्या. (एकीची एसटी चुकली होती, पण ते नंतर कळलं.)

१५ जानेवारी

संक्रांत. कुंदा तिळगुळाचं ताट घेऊन येताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून थांबली. ताट गेलं. या महिन्यात तिसऱ्यांदा. तीच चौकट, बावीस वर्षं त्याच जागी आहे.

तिला सांगितलं, समोर बघून चाल. ती म्हणाली, समोरचंच दिसतं, बाजूचं दिसत नाही.

एकाग्रतेने काम केलं की असं होतं. मलाही अक्षरापलीकडचं काही दिसत नाही.

१९ जानेवारी, संध्याकाळी

आज मोठा दिवस. पुढे 'झुंबर'चा इतिहास लिहिताना ही तारीख लागेल.

दिवे लावले तेव्हा कुंदा बल्बकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "दिव्याच्या भोवती रंगाचं कडं दिसतंय. निळं, बाहेरून तांबडं. दोन-तीन दिवस दिसतंय. सुंदर दिसतं, पण मग डोकं फुटायला येतं."

माझ्या अंगावर काटा आला. अनुस्वारासाठी मी चार महिने अडलो होतो. नुसता ठिपका दरिद्री वाटत होता. कडं! ठिपक्याच्या भोवती कडं! तिला पुन्हा बल्बखाली उभं केलं आणि विचारत विचारत मापं घेतली. कडं केवढं, मध्ये मोकळी जागा किती, बाहेरची रेघ जाड की बारीक. ती डोळे मिटायला लागली की मी म्हणत होतो, अजून एकदा बघ. तिने पाहिलं. मग मोरीवर जाऊन ओकली. पित्त झालं असणार. संक्रांतीचं गूळ-तीळ.

२० जानेवारी

कड्याचा अनुस्वार. अद्भुत. आधीची सगळी अनुस्वाराची कार्डं रद्द करून पुन्हा काढली. एकोणसाठ. कुंदा ब्रश धुऊन बसली.

शाई दोन ठिकाणी उजवीकडून कडेबाहेर गेली. अकरा वर्षांत प्रथम. तिला समज दिली. आवाज थोडा वाढला, पण कामाच्या शिस्तीसाठी ते लागतं.

२७ जानेवारी

काल झेंडावंदनाला बोललो. विषय 'अक्षराचं स्वातंत्र्य'. पोरं उन्हात उभी होती, दोन चक्कर येऊन पडली. विषयाचा भार.

दुपारी कुंदाची मोठी बहीण पुष्पाबाई धुळ्याहून आली. तिथल्या दवाखान्यात आयाबाई आहे आणि स्वतःला डॉक्टर समजते. कुंदाला खिडकीशी बसवून एक डोळा झाकायला लावला, आपलं बोट बाजूने आणत "दिसतंय का, आता दिसतंय का" विचारत राहिली. बोट पार नाकासमोर आल्यावर कुंदा हो म्हणाली. मग पुष्पाबाई माझ्यावर वळली. "भाऊ, तुम्हना अक्षरस्ले डोया शेतस, मन्ही बहीनले नही का?"

मी शांतपणे महिन्याचं वेळापत्रक समजावून सांगितलं. ती म्हणाली, आजच घेऊन जाते. कुंदा म्हणाली, "अक्का, दोनशे कार्डं राहिलीत. हे एकटे कसे भरतील?"

मी एकटा भरू शकतो. फक्त वेळ लागेल. आणि कड नीट येत नाही.

शेवटी पुष्पाबाईनेच तोडगा काढला. तेवीस फेब्रुवारीला धुळ्याचे डोळ्यांचे डॉक्टर पारोळ्यातच येणार आहेत, रतिलालशेठच्या जिनिंगच्या आवारात मोफत शिबिर आहे, त्यांच्याकडे डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र असतं. तेव्हा तरी दाखवा. मी शब्द दिला. पुष्पाबाईने तो माझ्याकडून देवासमोर उभं करून पुन्हा घेतला.

२ फेब्रुवारी

योगायोग नाही, नियती. शिबिराचे फलक माझ्याकडे आले!

रतिलालशेठच्या ऑफिसात बैठक. शेठ, शिबिर भरवणाऱ्या मंडळाचे चार जण, लोटन आणि दवंडीवाला अभिमन. शेठ म्हणाले, सर, बारा कापडी फलक करा, आसपासच्या गावांत लावू, आणि अभिमन बाजाराच्या दिवशी दवंडी देईल.

मी उभा राहिलो. म्हटलं, दवंडी? विसावं शतक संपायला आठ वर्षं उरली. घरोघरी टीव्ही आला. आणि आपण डफ बडवून माणसं गोळा करणार? दवंडी म्हणजे तालुक्याच्या साक्षरतेचा अपमान आहे. ज्या मातीत अक्षर रुजलं त्या मातीत डफ वाजवायचा तो फक्त अक्षर मेल्यावर! माणसाला डोळे द्यायला निघालात ना, मग डोळ्यांशी बोला, कानांशी नको!

टाळ्या. शेठ गहिवरले. दवंडी रद्द.

बाहेर अभिमन माझी वाट पाहत होता. रागावला नव्हता. डफ काखेत धरून म्हणाला, "नाना, तुमी बोलनात ते बठ्ठं खरं. पन मन्हा डफ आंधयास्ले बी ऐकू येस."

आंधळ्यांनाही डफ ऐकू येतो म्हणे. अशिक्षित माणूस. माझा मुद्दाच त्याला समजला नाही.

८ फेब्रुवारी

फलक तयार. 'झुंबर'चा हा पहिला सार्वजनिक वापर. आजवर लग्नपत्रिका, गिरणी, एक वाजंत्रीचं दुकान. आता लोककल्याण.

मधोमध 'नेत्र'. मात्रा भुवईसारखी वाकवली आहे. 'मोफत'मधला 'मो' वेलीत गुंफला आहे. तारखेतला दोनचा अंक मोराच्या मानेसारखा मागे वळून पाहतो आणि तीनला तीन लोलक. सकाळी नऊ ते पाच, ही वेळ खालच्या झालरीत विणली आहे, शोधणाऱ्यालाच सापडेल. रसिकाला थोडं शोधावं लागलं पाहिजे.

बारा फलकांचा रंग कुंदाने तीन दिवसांत भरला. कापड डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरत होती. मध्येच विचारलं, "अहो, हे काय लिहिलंय?" म्हटलं, तुझ्याच शिबिराचं आहे. ती म्हणाली, बरं झालं सांगितलं.

१२ फेब्रुवारी

फलक लागले. तामसवाडी, बहादरपूर, पारोळ्यात किल्ल्याजवळ आणि एसटी स्टँडवर. मी स्वतः स्टँडवर एक तास उभा राहून निरीक्षण केलं. शंभर माणसं गेली असतील, त्यांतली तीस-पस्तीस थांबली. काही तर पाच-पाच मिनिटं. एक म्हातारा अगदी जवळ गेला, जाड चष्मा पुसून पुन्हा लावला, मान एकीकडे केली, दुसरीकडे केली. मग शेजारच्याला म्हणाला, "हाई कोनं लगीन शे?"

शेजारचा म्हणाला, कोनी मोठा मानूस व्हई.

सरकारी अक्षरासमोर कोण इतका वेळ उभं राहतं?

१९ फेब्रुवारी

तीनशे नव्वद कार्डं झाली. तीस बाकी. सगळी अवघड जोडाक्षरं. कुंदा आता ब्रश टेकवायच्या आधी बोटाने कड चाचपते. त्यामुळे पेन्सिल पुसली जाते. सांगून पाहिलं. ती म्हणाली, नाहीतर सुरुवात कुठे आहे ते कळत नाही.

शिबिराच्या उद्घाटनाचं भाषण पाठ केलं. विषय 'दृष्टी आणि दृष्टिकोन'.

२३ फेब्रुवारी, सकाळी सहा

शिबिर आज. अडचण अशी: पार्सल उद्या सकाळी रजिस्टर पोस्टाने गेलंच पाहिजे, नाहीतर एकोणतीस तारखेपर्यंत पोचत नाही. वीस कार्डं कोरी. शिबिर पाचपर्यंत आहे. सकाळी तर फलक वाचून आलेली तोबा गर्दी असणार, कुंदाला रांगेत चार तास उभं राहावं लागेल. तिला ते झेपणार नाही. म्हणून ठरवलं: ती घरी बसून वीस कार्डं पुरी करील आणि चारला, रांग ओसरली की, मी तिला घेऊन जाईन. सगळ्यांच्या सोयीचं.

ती अंबाडा घालून, लग्नातली जांभळी साडी नेसून तयार बसली होती. साडी बदलली नाही, वर जुनं लुगडं बांधलं शाई उडू नये म्हणून, आणि ब्रश घेतला.

दुपारी बारा

भाषण अप्रतिम. पन्नास मिनिटं. उपस्थिती निवडक. तीन डॉक्टर, शेठ, लोटन, मंडपवाला, अभिमन आणि चार रुग्ण. ते चौघे फलक वाचून नाही, मंडपवाल्याचे नातेवाईक म्हणून आले होते. खुर्च्या दोनशे होत्या. शेठ सारखे गेटकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, खेड्यातले लोक जेवण करूनच निघतात. दुपारनंतर लोंढा येईल.

घरी येऊन पाहिलं. बारा झाली, आठ बाकी. थांबून लक्ष घातलं. तिला एकटं सोडलं तर कड सुटते.

संध्याकाळी सहा

शेवटचं कार्ड साडेतीनला पुरं झालं. 'ज्ञ'. कुंदाने हात धुतले, पदर नीट केला. तिचा हात धरून नेलं. गेटला कुलूप.

अभिमन भिंतीवर पाय सोडून बसला होता. डफ मांडीवर. म्हणाला, "नाना, गाडी एक वाजताच साक्रीले गयी. चार मानसं तपासात आनि चालना गयात. डॉक्टर बोलनात, आठे कोनलेच डोयानं दुखनं नही का?"

कुंदा कुलपासमोर हातभर अंतरावर उभी होती. मला विचारलं, "गर्दी आहे का फार?"

बंद आहे असं सांगितलं. ती म्हणाली, असू दे.

डॉक्टरांना थोडी कळ काढता आली नाही. या देशात शिस्त नाही. पाच म्हणजे पाच.

२४ फेब्रुवारी

पार्सल गेलं. रजिस्टर, पोचपावतीसह. पोस्टमास्तरने पत्ता पुन्हा साध्या अक्षरात लिहायला लावला. नाइलाज. लोटनकडून लिहून घेतला, म्हणजे माझा संकल्प अभंग.

शेठ भेटले. तुटक बोलले. "सर, अख्ख्या तालुक्यातून चार माणसं. पण फलक फार सुंदर होता. मोठ्या डॉक्टरांनी एक मागून नेला. खिडकीला पडदा करणार म्हणे."

वापर वाढतो आहे.

पुष्पाबाईला पोस्टकार्ड टाकायचं होतं. काय लिहावं ते ठरलं नाही. निवांतपणे लिहीन. आता मोकळा आहे. पहिला संकल्प पुरा. आठ-दहा दिवसांत कुंदाला धुळ्याला नेतो. अमळनेरचं व्याख्यान आटोपलं की.

१ मार्च

कुंदा सकाळपासून उजवा डोळा धरून बसली आहे. लाल झालाय. चार महिन्यांचा शिणवटा एकदम निघतो आहे. कपाळाला बाम लावला, डोळ्यावर गुलाबपाण्याची पट्टी. चहा केला. मी स्वतः केला, याची नोंद असावी.

२ मार्च

रात्रभर कण्हत होती. ओकाऱ्या. उद्या अमळनेर. तिला विचारलं, जाऊ का? म्हणाली, "जा. तुमचं नाव छापलंय त्यांनी." शेजारच्या सुनंदाबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं.

३ मार्च

अमळनेरला दोन तास बोललो. विषय 'सौंदर्य हीच गरज'. टाळ्या. एक प्राध्यापक म्हणाले, तुम्हाला ऐकताना डोळ्यांपुढे अक्षरं उभी राहतात.

परत आलो तर घराला कडी. सुनंदाबाई दारातच होत्या. दुपारी कुंदा भिंतीवर डोकं आपटायला लागली तेव्हा त्यांनी धुळ्याला फोन लावला. पुष्पाबाई जीप करून आली आणि घेऊन गेली. सुनंदाबाईंनी एवढंच सांगितलं. मग त्यांनी त्यांचं दार लावलं.

शाईच्या बशीत ब्रश तसाच राहिला होता. कडक झालाय.

६ मार्च, धुळे

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढत जातो आणि आतली नस मरते. उजवा डोळा गेला. ऑपरेशन केलं ते फक्त दुखणं थांबावं म्हणून. डाव्यात मधोमध थोडं उरलं आहे, तेही धूसर, नळीतून बघितल्यासारखं. गेलेलं परत येत नाही.

डॉक्टर तरुण आहेत. तेच शिबिराला आले होते. मला ओळखलं. "तुम्ही ते भाषण केलेलं ना? त्या दिवशी यांना का नाही आणलं? दाब मोजला असता, थेंब सुरू केले असते, तेव्हा बरंच वाचवता आलं असतं."

म्हटलं, तुम्ही एकला गेलात.

ते म्हणाले, "माणसंच नव्हती हो."

मग त्यांनी विचारलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात असं त्या कधी म्हणाल्या होत्या का? तीच खूण असते. पहिल्यांदा कधी म्हणाल्या?

तारीख मला पाठ आहे. मी म्हटलं, नक्की आठवत नाही.

पुष्पाबाई कोपऱ्यात उभी होती. बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं. ती काहीतरी बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

११ मार्च

घरी आणलं. चौकटीला हात लावून, मापून आत आली. खांदा आपटला नाही. प्रगती आहे.

लोटन आला होता. तिच्याजवळ बसला, माझ्याशी छापखान्यातल्या उंदरांबद्दल बोलला. निघताना म्हणाला, त्या दिवशी शेठच्या ऑफिसात मी बोलायला पाहिजे होतं, पण तुम्ही बोलायला लागलात की आमचं तोंडच उघडत नाही.

कौतुक म्हणून बोलला असावा.

२८ मार्च

कंपनीचं पत्र आणि पार्सल परत. पत्र टाइप केलेलं, अर्थात सरकारी अक्षरात. उतरवून ठेवतो.

'आपले नमुने आभारपूर्वक परत पाठवीत आहोत. सजावट वाजवीपेक्षा अधिक असल्याने अक्षर ओळखू येत नाही. शीर्षकासाठीही वापर कठीण वाटतो. तथापि पहिल्या दीडेकशे कार्डांवरील शाईचे काम आमच्याकडे आजवर आलेल्या कामांत सर्वोत्तम आहे. नंतरच्या कार्डांत ते बिघडत गेलेले दिसते. शाई भरणाऱ्या व्यक्तीचे नाव व पत्ता कळवावा. आमच्या इतर अक्षरांसाठी त्यांना घरबसल्या कायम काम देऊ इच्छितो.'

कुंदाने पाकीट फाडल्याचा आवाज ऐकला. "मुंबईचं आहे का? वाचा ना."

मी वाचलं. व्याख्यानाच्या आवाजात. 'आमच्याकडे आजवर आलेल्या कामांत सर्वोत्तम आहे.' एवढंच.

तिचं तोंड उजळलं. म्हणाली, "तुमचं सार्थक झालं." मग, "शाईबद्दल काही लिहिलंय का हो?"

नाही म्हटलं.

पत्र ट्रंकेत, कार्डांच्या खाली ठेवलं. सांगेन. योग्य वेळी, क्रमाने.

५ एप्रिल

डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या आहेत. एकसारख्या. एक सकाळ-संध्याकाळ, दुसरी दिवसातून चारदा. वरचं छापील अक्षर मुंगीएवढं, इंग्रजी. कुंदा म्हणाली, मोठं लिहून चिकटवा, उजेडात धरलं तर डाव्याने जमेल.

मी पुठ्ठ्यावर 'सकाळ' लिहिलं. झुंबरमध्येच. सवय. लोलकासह. दुसऱ्यावर 'चार वेळा'.

७ एप्रिल

बाटल्यांची अदलाबदल झाली. दोन दिवस. डोळा पुन्हा लाल. पुष्पाबाईने धुळ्याहून फोनवर सुनंदाबाईंना जे सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही.

८ एप्रिल, सकाळी

दुसरा संकल्प मोडला. दोन नवे पुठ्ठे. सरळ रेघ, सरळ काना, देठ नाही, लोलक नाही. तळहाताएवढी अक्षरं. आत शाई मीच भरली. कड सुटली, पण वाचता येतं. कोणालाही वाचता येईल.

कुंदाला दिले. तिने खिडकीत धरले, जवळ नेले, लांब नेले, डावीकडे सरकवले. त्या दिवशी स्टँडवरचा म्हातारा करत होता तसंच.

"पांढऱ्यावर काळं काहीतरी आहे एवढं कळतं," म्हणाली. "छान असणार."

दुपारी

मी भाषणाची टिपणं काढत बसलो होतो. चाळीसगावला बोलावलं आहे, विषय अजून सुचत नाही. कुंदाने डबा चाचपून सुईदोऱ्याचं रीळ काढलं, वीतभर दोरा दाताने तोडला, सकाळ-संध्याकाळची बाटली कुठली ते मला एकदा विचारलं आणि तिच्या मानेला दोन गाठी मारल्या.

आता बरोबर बाटली उचलते. मला विचारत नाही.